सिस्टरांना विचारा : औषधाला दाद न देणारे जंतू

मागच्या अंकात कल्चरचा, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते बघणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट कसा वाचायचा याचं एक लहानसं उत्तर मी दिलं होतं. ‘एस’ म्हणजे ते औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, एवढंच त्यात होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक पत्रं हॉस्पिटलातून नुकत्याच परतलेल्या माणसांच्या घरून आलीत. मी ३४ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली शेवटची १३ इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर, म्हणजे हॉस्पिटलात जंतू पसरू नयेत हे बघणारी नर्स, म्हणून. त्यामुळे पत्र उघडलं की आयसीयूबाहेरचा तो बाकच डोळ्यांपुढे येतो, पाण्याची बाटली आणि औषधांच्या बिलांची पिशवी घेऊन बसलेल्या माणसांचा. सहा पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण त्यातले प्रश्न पुष्कळांनी विचारलेत.

प्रश्न : वडिलांना (वय ६८) पॅरालिसिसचा झटका आला. पाच दिवस व्हेंटिलेटरवर होते, सुधारत होते. सहाव्या दिवशी ताप आला. तीन दिवसांनी सांगितलं की फुप्फुसात ‘अ‍ॅसिनेटोबॅक्टर’ आहे, सगळी औषधं ‘आर’ आहेत, फक्त कोलिस्टिन चालेल. एकूण २६ दिवस राहिले. आता घरी आहेत, पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलंय, उभं राहवत नाही, रात्री दचकून उठतात, कुणाशी बोलत नाहीत. झटक्यासाठी नेलेल्या माणसाला हा जंतू आला कुठून? तो कळायला तीन दिवस का लागले? चूक कुणाची? आम्ही वेळेवर दुसरीकडे हलवलं असतं तर? – सांगली जिल्ह्यातील एक वाचक

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तोच तुम्हाला झोपू देत नसणार. व्हेंटिलेटरवरच्या, ताप चढलेल्या माणसाला रुग्णवाहिकेतून हलवणं ही स्वतःच एक जोखीम असते. तुम्ही हलवलं नाहीत म्हणून वडिलांचं नुकसान झालं, असं पत्रात काहीही दिसत नाही. हे ओझं उतरवून ठेवा.

आता जंतू आला कुठून. आपल्या घशात काही गेलं की आपण खोकतो, ठसका लागतो. व्हेंटिलेटरची नळी घशातून श्वासनलिकेत गेली की ही राखण बंद पडते. तोंडातली लाळ नळीच्या कडेने थेंब थेंब खाली उतरते आणि तिच्याबरोबर जंतूही. नळीच्या आतून त्यांचा बुळबुळीत थर बसतो, पाण्याच्या टाकीला आतून शेवाळ धरतं तसा. त्या थरात औषध नीट शिरत नाही. अ‍ॅसिनेटोबॅक्टरची आणखी एक खोड अशी की तो कोरड्या जागीही आठवडे काढतो. पलंगाचा कठडा, मॉनिटरची बटणं, सलाईनचा स्टँड, पडद्याची कड या सगळ्यांवर. तिथून तो हातावर येतो आणि हातावरून पुढच्या रुग्णाकडे जातो. आमच्याकडे एकदा असाच जंतू ओळीने तीन खाटांवर निघाला. महिनाभर आम्ही पाणी, साबण, यंत्रं सगळं तपासलं. सापडला तो बेडशेजारच्या एका पंपाच्या बटणावर. ते बटण रोज शंभर वेळा दाबलं जायचं आणि पुसायचं मात्र कुणाच्या यादीत नव्हतं.

दुसरी वाटही आहे. पहिल्या काही दिवसांत दिलेली अँटिबायोटिक्स पोटातल्या साध्या जंतूंना मारतात. रान मोकळं झालं की जे औषधाला दाद देत नाहीत तेच माजतात. म्हणजे काही वेळा जंतू बाहेरून येतो, काही वेळा आपल्याच अंगात थोडा असतो आणि त्याला जागा करून दिली जाते.

तुम्ही विचारलंय की तीन दिवस का लागले. ताप आला तेव्हा नमुना प्रयोगशाळेत गेला असेल. तो थाळीवर पसरतात, डोळ्यांना दिसतील एवढ्या जंतूच्या वसाहती वाढायला रात्र जाते. मग तो जंतू कोणता हे ओळखायचं आणि एकेका औषधासमोर ठेवून बघायचं, की आणखी एक दिवस. यात कुणाचा आळस नाही. पण या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागतं. जंतू साधा असेल तर अंदाज बहुधा बरोबर येतो. जंतू असा अडेलतट्टू असेल तर ते दिवस वाया जातात, आणि रुग्णाला ते दिवस परवडणारे नसतात. माझ्या मते औषधाला दाद न देणाऱ्या जंतूचा सगळ्यात मोठा घाव हाच. विष त्याचं इतरांपेक्षा जास्त असतं असं नाही, तो वेळ खातो. मग ताप लांबतो, व्हेंटिलेटर लांबतो, सलाईनची, लघवीची, नाकातली नळी लांबते, आणि प्रत्येक लांबलेली नळी नव्या जंतूला दार उघडून देते. २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा जंतूंमुळे गेली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या कितींना योग्य औषध मिळालं पण उशिरा मिळालं, हे मला ड्युटीवर पाहिलेल्या चेहऱ्यांवरून ठाऊक आहे.

कोलिस्टिन हे जुनं औषध. १९५०च्या सुमाराला जपानमध्ये सापडलं, आणि मूत्रपिंडांना त्रास देतं म्हणून १९७०च्या दशकात मागे पडलं. नवी औषधं हरायला लागली तेव्हा त्याला माळ्यावरून खाली काढावं लागलं. वडिलांचं क्रिएटिनिन त्यामुळेच वाढलं असण्याची शक्यता मोठी आहे. बहुतेकांचं औषध थांबल्यावर काही आठवड्यांत उतरतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना रक्त तपासा, आणि तोवर गुडघे-पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या दुखऱ्या मूत्रपिंडावर घाव घालतात. ताप-दुखीसाठी काय चालेल ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर चिकटवा.

उभं न राहवणं फक्त झटक्याचं नाही. २६ दिवस अंथरुणावर, त्यात ताप, म्हणजे मांडीचे-पोटऱ्यांचे स्नायू अक्षरशः विरघळतात. फिजिओथेरपी दिवसातून थोडी थोडी, अनेक वेळा. क्रिएटिनिन वाढलंय म्हणून डाळी-अंडी आपल्या मनाने बंद करू नका. किती प्रथिनं चालतील ते मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आणि ते गप्प राहणं. ताई, ‘आर’ रिपोर्ट आला की रुग्णाच्या खाटेभोवती पडदा लागतो, दारावर पाटी लागते, येणारा प्रत्येक जण गाऊन, हातमोजे, मास्क घालून येतो. हे करावंच लागतं. पण त्याचा परिणाम असाही होतो की आत येणं कमी होतं. गाऊन चढवायचा म्हणून राउंड दारातूनच उरकला जातो, नातेवाईक दिवसातून पाच मिनिटं. आमच्याकडे एक शेतकरी बाबा होते, आठव्या दिवशी मला म्हणाले, “सिस्टर, तुम्ही कोण कुठल्या ते कळत नाही, सगळ्यांचे नुसते डोळे दिसतात.” त्या दिवसापासून आम्ही गाऊनवर छातीशी स्केचपेनने मोठ्या अक्षरात नाव लिहायला लागलो. वडील रात्री दचकतात तेव्हा ते बहुधा त्या खोलीत परत गेलेले असतात. त्यांना ‘विसरा आता’ म्हणू नका. ते २६ दिवस त्यांना तुम्ही सांगा : अमुक दिवशी ताप उतरला, अमुक दिवशी नळी काढली, मी बाहेर बाकावर होते. पुष्कळांच्या डोक्यात तिथला काळ तुटक, भासांनी भरलेला असतो, तो जोडून मिळाला की माणूस सावरतो. महिनाभरात फरक पडला नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, संकोच नको.

चूक कुणाची, हे पत्रावरून सांगणं खोटेपणाचं होईल. अशा संसर्गांपैकी बरेच टाळता येतात, सगळे नाही. पलंगाचं डोकं ३० अंशांवर ठेवलं जात होतं का, तोंडाची सफाई दिवसातून किती वेळा झाली, गुंगीचं औषध रोज कमी करून बघत होते का, हे नर्सिंगच्या नोंदींत असतं. कागदपत्रांची प्रत लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी असा वैद्यकीय परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. भांडणासाठी मागा असं मी म्हणत नाही. हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोल समितीसमोर तुमचे प्रश्न तारखांसकट गेले तर पुढच्या खाटेवरच्या माणसाचं भलं होतं.

प्रश्न : सासूबाईंच्या डिस्चार्ज कार्डावर ‘सीआरई कॅरिअर’ असं लिहिलंय. ताप वगैरे काही नाही. मोठ्या दिरांनी त्यांचं ताट-वाटी वेगळी केली, माझ्या चार वर्षांच्या मुलाला त्यांच्या खोलीत जाऊ देत नाहीत. सासूबाई दिवसभर दाराकडे बघत बसतात. आम्ही काय करावं? – इचलकरंजीहून एक सून

आजच ताट एकत्र करा. नातवाला आजीच्या मांडीवर जाऊ द्या.

कार्बापेनेम हा अँटिबायोटिकचा एक भारी गट आहे, मेरोपेनेम त्यातलंच. त्याला दाद न देणारे आतड्यातले जंतू म्हणजे सीआरई. कॅरिअर म्हणजे ते जंतू त्यांच्या आतड्यात मुक्कामाला आहेत, पण आजार करत नाहीत. तुमच्या-माझ्या आतड्यातही कोट्यवधी जंतू असतात. धडधाकट माणसाच्या घरात असा पाहुणा सहसा काही बिघडवत नाही, बऱ्याच जणांत तो काही महिन्यांत आपोआप कमी होत जातो. त्याला घालवायला अँटिबायोटिक द्यायचं नसतं. कुणी सुचवलं तर ‘आजार नसताना कशासाठी?’ असं जरूर विचारा.

जंतू शौचातून बाहेर येतो, म्हणून काळजी तिथेच घ्यायची. त्यांनी शौचानंतर साबणाने हात धुवायचे. त्यांचं डायपर किंवा मळलेले कपडे तुम्ही हाताळलेत तर तुम्हीही, आणि स्वयंपाकाला हात लावण्याआधी पुन्हा एकदा. कपडे गरम पाण्यात पावडर घालून, कडक उन्हात वाळवून. संडासाची कडी आणि नळ रोज पुसायचे. नातवाला जेवणाआधी हात धुवायची सवय लागली तर आजीमुळे फायदाच झाला म्हणायचा. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा कुणाला लघवीची नळी असेल तर मात्र त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

एक गोष्ट विसरू नका. ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. सासूबाईंना पुन्हा कधीही, कुठेही भरती करायची वेळ आली, अगदी मोतीबिंदूसाठी सुद्धा, तर खिडकीवर पहिलं वाक्य हेच सांगायचं. त्यांना पुढे लघवीचा संसर्ग झाला तर डॉक्टर पहिल्याच दिवशी योग्य औषध निवडू शकतील. वर सांगलीच्या ताईंच्या वडिलांचे जे दिवस गेले, ते या कागदाने वाचतात.

माझ्या लहानपणी आत्याला क्षय झाला तेव्हा तिचा कप वेगळा ठेवलेला मी पाहिलाय. निळ्या कडेचा होता. आत्या बरी झाली, पुढे तीस वर्षं जगली, पण चहा घेताना कप कोणता आहे ते आधी बघायची. तुमच्या दिरांना हे उत्तर वाचून दाखवा.

प्रश्न : माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. सर्दी झाली की लोक ‘तीन दिवसांची पावरची गोळी द्या’ म्हणतात, म्हणजे अझिथ्रोमायसिन. नाही दिली तर समोरच्या दुकानात जातात. एका पाकिटाने हॉस्पिटलातल्या रुग्णांना काय फरक पडतो? – सातारा जिल्हा

दादा, फरक पडतो तो असा. सर्दी बहुतेक वेळा विषाणूची असते, त्याच्यावर ही गोळी चालतच नाही. सर्दी आपल्या वेळेने जाते आणि श्रेय गोळीला मिळतं. पण गोळी पोटात गेली म्हणजे तिथल्या जंतूंना गाठतेच. जे मरत नाहीत ते उरतात. आणि जंतू फक्त आपल्या पोरांनाच ही युक्ती शिकवत नाहीत, शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देतात. शेजारणीने वाटीभर विरजण मागून न्यावं तसं. नेलेलं विरजण त्या घरी वाढतं, तिथून तिसऱ्या घरी जातं. वर्षभराने त्याच गिऱ्हाईकाचं पोटाचं ऑपरेशन होतं तेव्हा हे सगळं त्याच्याबरोबर वॉर्डात येतं, आणि वॉर्डात शेजारच्या खाटा तर हाताच्या अंतरावर.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणातच हे सांगून ठेवलं होतं. घसा दुखतो म्हणून दुकानातून पेनिसिलिन आणून अपुरं घेणारा एक माणूस त्यांनी कल्पून सांगितला. त्याच्या अंगातले जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. तो बरा होतो, पण तेच जंतू बायकोला लागतात, तिला पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती दगावते. माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये कामगार होते. १९५४ साली स्थापन झालेला तो कारखाना, सरकारी मालकीचा, पेनिसिलिन देशातच बनावं म्हणून उभारलेला. वडील ती लहानशी बाटली हातात धरून म्हणायचे, “ही निमोनियाच्या पोराला परत आणते.” त्या बाटलीतला जोर सर्दीवर खर्च होताना पाहिला की मला त्रास होतो, दादा, आणि तो मी लपवत नाही.

तुम्हाला कायद्याचा आधार आहे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन, म्हणजे जास्त कडक नियम असलेल्या औषधांची सरकारी यादी, लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि विक्रीची नोंद वेगळ्या वहीत तीन वर्षं ठेवायची, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत असेल. एच-वनमध्ये नसलेली अँटिबायोटिक्सही चिठ्ठीवरचीच औषधं आहेत. गिऱ्हाईकाला पट्टीवरची लाल उभी रेघ दाखवा. समोरच्या दुकानदाराशी एकदा चहा घेऊन बोला. दोघांनी ठरवलं तर गिऱ्हाईक जाणार कुठे? आणि नुसतं ‘नाही’ म्हणू नका. वाफ, मिठाच्या गुळण्या, तापाला पॅरासिटामॉल, आणि तीन दिवसांत ताप हटला नाही, धाप लागली तर डॉक्टर, एवढं सांगून पाठवा. माणूस रिकाम्या हाताने गेला की तो समोर जातो.

प्रश्न : पुढच्या महिन्यात गुडघा बदलायचं ऑपरेशन आहे. हॉस्पिटलातल्या जंतूंची भीती वाटते. आधीपासून आठ दिवस आणि नंतर पंधरा दिवस अँटिबायोटिक घेतलं तर सुरक्षित नाही का? – ठाण्याहून एक निवृत्त शिक्षक

सर, नाही. आधीपासून घेतलेलं औषध तुमच्या त्वचेवरच्या आणि पोटातल्या साध्या जंतूंना हटवून अडेल जंतूंना जागा करून देईल. औषध रक्तात हवं ते चीर देण्याच्या क्षणी, म्हणून इंजेक्शन बहुधा त्याआधीच्या तासाभरात देतात. ऑपरेशन झाल्यावर, संसर्ग नसेल तर, हा बचावाचा डोस पुढे लांबवू नये असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०१६चं मार्गदर्शन आहे. डिस्चार्जच्या वेळी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून मिळाल्या तर त्या कशासाठी आहेत हे नम्रपणे विचारा. स्वतः होऊन फेकून देऊ नका. डॉक्टरांकडे कारण असू शकतं.

तुमच्या हातात बरंच आहे. साखर असेल तर आत्तापासून ताब्यात आणा, वाढलेल्या साखरेत जखम भरत नाही. तंबाखू-सिगारेट सोडा. दात किडलेला असेल, पायाला चिखल्या किंवा गळू असेल तर आधी उपचार करून घ्या आणि सर्जनना सांगा. लपवलेलं गळू नव्या सांध्याला महागात पडतं. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी साबणाने स्वच्छ अंघोळ. गुडघ्यावरचे केस घरी ब्लेडने काढू नका. ब्लेडने न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतू तिथेच बसतात. काढायचेच असतील तर हॉस्पिटलात क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या यंत्राने, काढतील. ऑपरेशननंतर लघवीची नळी असेल तर रोज सकाळी एकच प्रश्न विचारा : “ही आज निघेल का?” नळी आत असलेल्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू शिरायची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. राउंडच्या घाईत नळी विसरली जाते. तुम्ही विचारलंत तर विसरली जाणार नाही. भेटायला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना घरी आल्यावर या म्हणून सांगा. तुमचे विद्यार्थी पुष्कळ असतील.

प्रश्न : मी लंडनला राहतो. भारतात सुट्टीवर असताना अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. परत आल्यावर इथल्या हॉस्पिटलात दुसऱ्या कारणाने भरती झालो तर मला वेगळ्या खोलीत ठेवलं, गुदद्वारातून स्वॅब घेतला. भारतीय म्हणून हा अपमान समजू का?

समजू नका. गेल्या वर्षभरात परदेशातल्या हॉस्पिटलात राहिलेल्या माणसाच्या आतड्यात औषधाला दाद न देणारे जंतू आहेत का, अशी तपासणी करायची तिकडे पद्धत आहे, मग तो कुठल्याही देशातून आलेला असो. तुमच्या प्रश्नामागचा राग मात्र मला कळतो. २००८ मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात जंतूचं एक नवं हत्यार, म्हणजे भारी अँटिबायोटिक्स निकामी करणारं रसायन, सापडलं आणि त्याच्या नावात नवी दिल्ली घातली गेली, एनडीएम-वन. २०१० मध्ये त्यावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. तेव्हा मी वॉर्डात होते. नावाची चर्चा झाली तेवढी बेसिनपाशी साबण आहे का याची झाली असती तर बरं झालं असतं. मला तर वाटतं, एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलाच्या आयसीयूत हलवलेल्या प्रत्येक रुग्णाचा असा स्वॅब आपल्याकडेही सर्रास घेतला जावा. स्वॅबचा निकाल मागून घ्या आणि जपून ठेवा.

प्रश्न : मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. राउंडला मोठे सर एका पेशंटची जखम बघून तसेच पुढच्या पेशंटला हात लावतात. मला दिसतं, पण बोलायची हिंमत होत नाही. वॉर्डातलं बेसिनही कोपऱ्यात आहे, नळ गळतो. मी काय करू? – एक विद्यार्थिनी

बाळा, तुला दिसतं हीच मोठी गोष्ट आहे. पुष्कळांना दहा वर्षांनी दिसेनासं होतं.

व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे तरुण डॉक्टर होते. शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला जाणाऱ्या डॉक्टरांच्या हातांतूनच बाळंतज्वर जातो, हे त्यांनी ओळखलं. १८४७च्या एप्रिलमध्ये त्यांच्या विभागात शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावत होत्या. मेच्या मध्यापासून क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं, आणि जूनमध्ये तो आकडा दोनावर आला. तरी मोठ्या मोठ्या डॉक्टरांनी मानलं नाही. आपल्या हातांनी बाया मेल्या हे कबूल करणं कुणालाही जड जाणार. तेव्हा तुझे सर वाईट आहेत असं मनात धरू नकोस. त्यांना भान नाही, आणि ते आणून देणं विद्यार्थिनीच्या एकटीच्या अंगावर टाकणं अन्यायाचं आहे.

मी काय केलं ते सांगते. मी स्टाफ नर्स असताना आमच्याकडेही असेच एक सर्जन होते, हात अतिशय निपुण, स्वभाव तापट. त्यांना ‘हात धुवा’ म्हणायची माझी छाती नव्हती. मी राउंडला ट्रॉलीच्या पुढे चालायला लागले, हातात हँडरबची (हाताला चोळायच्या सॅनिटायझरची) बाटली घेऊन. एका खाटेकडून दुसरीकडे निघताना मी आधी स्वतःच्या हातावर घ्यायची आणि न बोलता बाटली त्यांच्यापुढे धरायची. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पाय थरथरले. हात मात्र पुढे केला. मागे आठ निवासी डॉक्टर होते, त्यांनीही केला. पुढे त्या राउंडला बाटली नसली की तेच थांबायचे.

तुझ्या इन-चार्ज सिस्टरांना विचारून हे काम मागून घे. विद्यार्थिनीने बाटली धरायची असा वॉर्डाचा रिवाज पडला तर ते कुणाला टोचत नाही. हँडरब २० ते ३० सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठ्याला विसरू नकोस. हात दिसण्याइतका मळलेला असेल किंवा पेशंटला अँटिबायोटिकनंतरचे पातळ जुलाब होत असतील तर मात्र साबण-पाणीच हवं, कारण त्या जुलाबांचा एक जंतू हँडरबला मरत नाही. हातमोजे घातले म्हणून हात धुणं सुटत नाही, मोजे काढल्यावरही धुवायचे.

आणि त्या नळाचा अर्ज तोंडी देऊ नकोस. इन-चार्ज सिस्टरांच्या सहीने लेखी, तारीख घालून, एक प्रत देखभाल विभागाला आणि एक इन्फेक्शन कंट्रोल समितीला दे. पोच घे. पंधरा दिवसांत दुरुस्त झाला नाही तर त्याच अर्जाची झेरॉक्स जोडून दुसरा दे. आमचा नळ तिसऱ्या अर्जाला दुरुस्त झाला होता.